भोसरीचे सर्व्हर, तुर्भ्याचा टेप ड्राइव्ह: बॅकअप रखडतोय आणि रिस्टोअर अडतंय

भोसरी_आयटी

नमस्कार मंडळी. आधी सेटअप सांगतो.

भोसरीच्या कारखान्यात आठ सर्व्हर. सहा लिनक्स: फाइल सर्व्हर (ड्रॉइंग आणि स्कॅन केलेले पीडीएफ, लाखो बारक्या फाइल), ईआरपीचा (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस डेटाबेस, मेल, बाकी किरकोळ. दोन विंडोज: एक टॅलीचा, एक डोमेन कंट्रोलर. एकूण डेटा ९ टीबी, रोज बदलतो साधारण ६० जीबी. तुर्भ्याच्या ऑफिसात एक लिनक्स मशीन, ३२ जीबी रॅम, एसएएस कार्डावर एलटीओ-८ (एलटीओ टेपची आठवी पिढी) चा हाफ-हाइट ड्राइव्ह. मधे २०० एमबीपीएसची लीज्ड लाइन, पिंग ५ मिलिसेकंद.

लिनक्स सर्व्हरवर टार (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) चालतो, त्याचं आउटपुट एसएसएचमधून (सुरक्षित कनेक्शन) तुर्भ्याला जातं, तिथे डीडी (डेटा ब्लॉक-ब्लॉकने उतरवणारा प्रोग्राम) ते 'बीएस=५१२के' (ब्लॉकचं माप) देऊन एनएसटी० वर, म्हणजे टेप ड्राइव्हवर, लिहितो. विंडोजचा बॅकअप सध्या वेगळ्या यूएसबी डिस्कवर.

अडचणी:
१. फाइल सर्व्हरचा वेग ९ एमबी/सेकंद, मेलचा २२. ड्राइव्ह सतत थांबतो, मागे जातो, पुन्हा पुढे. आवाजावरूनच कळतं.
२. चाचणी म्हणून रिस्टोअर केलं तर टार 'कॅनॉट ॲलोकेट मेमरी' म्हणतो. रॅम २० जीबी मोकळी असते.
३. लाइन मधेच तुटली की चालू असलेला पूर्ण बॅकअप पहिल्यापासून.

आयएससीएसआयने (लांबचा ड्राइव्ह नेटवर्कवरून स्वतःचाच असल्यासारखा वापरण्याची पद्धत) ड्राइव्ह थेट भोसरीच्या मशीनला जोडला तर सुटेल का? टेप बदलायला तुर्भ्यात माणूस आहे. टेप लायब्ररीला (टेप आपोआप बदलणारं यंत्र) मंजुरी नाही, पण थोड्या डिस्क घेता येतील.

---

रीळ_रिवाइंड

रिस्टोअरचं आधी घेऊ, कारण तेच सगळ्यात तातडीचं आहे. तुमचा डेटा टेपवर आहे, घाबरू नका. त्या संदेशाचा रॅमशी काही संबंध नाही. लिनक्सचा एसटी (टेपचा) ड्रायव्हर व्हेरिएबल ब्लॉक मोडमध्ये (प्रत्येक ब्लॉकचं माप वेगळं चालतं असा मोड) असताना टेपवरचा ब्लॉक वाचणाऱ्या प्रोग्रामने मागितलेल्या मापापेक्षा मोठा निघाला, तर ड्रायव्हर हीच चूक परत देतो. टारला काही सांगितलं नाही तर तो २० गुणिले ५१२, म्हणजे १०,२४० बाइट मागतो. तुमचे ब्लॉक त्याहून मोठे आहेत.

पण ते सगळे ५१२ केबीचेही नसणार. डीडीला 'बीएस' दिलं आणि इनपुट पाइपमधून येत असेल, तर एका रीडमध्ये जेवढं हाती लागलं तेवढाच ब्लॉक तो टेपवर लिहितो. पाइपमध्ये एका वेळी फार तर ६४ केबीच्या आसपास सापडतं, लाइन मंद असेल तर त्याहून कमी. म्हणजे टेपवर ८, १६, ३२, ६४ केबी अशी खिचडी झालेली असणार. बारीक ब्लॉकमुळे लिहिण्याचा वेगही पडतो, हा त्यातला दुसरा तोटा.

आत्ताच्या टेप अशा वाचा:
- 'एमटी'ने (टेप पुढे-मागे न्यायची आज्ञा) सेटब्लॉक ० करा, मग रिवाइंड.
- हवा तो संच तिसरा असेल तर 'एफएसएफ २' देऊन दोन फाइलमार्क (संच संपल्याच्या खुणा) ओलांडा.
- डीडीचं इनपुट एनएसटी०, 'बीएस=१एम'. मागणी मोठी असली की प्रत्येक रीडला एक आख्खा ब्लॉक मिळतो, मग तो कितीही लहान असो.
- त्याचं आउटपुट पाइपने टारला, टारला कॅपिटल बी हा पर्याय द्या, म्हणजे तुकडे जोडून तो पूर्ण रेकॉर्ड करून घेतो. आधी नुसती यादी काढून बघा, मग एक्स्ट्रॅक्ट.

पुढच्या टेपसाठी 'बीएस' ऐवजी 'ओबीएस=५१२के' द्या. इनपुटचं आणि आउटपुटचं माप वेगळं झालं की डीडी आउटपुटचा ब्लॉक भरेपर्यंत थांबतो. वाचताना मग टारला लहान बी १०२४ द्यायचा, म्हणजे १०२४ गुणिले ५१२ बाइट, बरोबर ५१२ केबी. हे माप टेपच्या लेबलावर पेनाने लिहून ठेवा. पाच वर्षांनी टेप वाचणारा माणूस दुसराच असेल.

आणि एक तपासा: सहा लिनक्सपैकी एखाद्या सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये एनएसटी० ऐवजी एसटी० तर नाही ना? एसटी० बंद झालं की टेप आपोआप सुरुवातीला जाते आणि पुढचा सर्व्हर आधीच्यावर लिहितो. टेपवर मधे कुठेही लिहिलं की डेटाचा शेवट तिथेच ठरतो, त्यापुढचं ड्राइव्ह वाचूच देत नाही. म्हणून जोडून लिहायचं असेल तेव्हा प्रत्येक वेळी आधी 'एमटी ईओडी', म्हणजे टेप डेटाच्या शेवटी जाते.

---

पाच_मिलिसेकंद

वेगाबद्दल लिहितो. लांबच्या लाइनवरून येणारा डेटा थेट टेप ड्राइव्हला पाजूच नये, असं माझं ठाम मत आहे. आकडे मांडले की का ते दिसतं.

एलटीओ-८ हाफ-हाइटचा मूळ वेग ३०० एमबी/सेकंद. डेटा हळू आला तर ड्राइव्ह स्वतःचा वेग कमी करतो, पण त्याला तळ आहे: साधारण १०० ते ११० एमबी/सेकंद. त्याखाली डेटा आला की बफर रिकामा होतो, टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. हेच शू-शायनिंग. टेप आणि हेड दोन्ही यात झिजतात, आणि प्रत्येक थांब्याला काही सेकंद जातात. तुमची २०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरली तरी २५, प्रत्यक्षात २२ एमबी/सेकंद. तळाच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाही. कोणताही पर्याय बदलून हे जुळणार नाही.

आता आयएससीएसआय. नको. टेपची स्थिती, म्हणजे रिळावर आपण कुठे आहोत हे, सेशनशी बांधलेलं असतं. लाइन क्षणभर गेली, ड्राइव्ह रीसेट झाला, की स्थिती हरवते आणि रिवाइंड करून पुन्हा शोधल्याशिवाय ड्रायव्हर पुढे लिहू देत नाही. डिस्क असती तर तोच ब्लॉक पुन्हा लिहून भागलं असतं. टेपला ती सोय नाही. एकाच रॅकमध्ये किंवा एकाच इमारतीत आयएससीएसआयवरचा टेप ड्राइव्ह चालतो. घाट ओलांडून नाही.

टारचा स्वतःचा रिमोट टेपचा मार्ग, आरएमटी, हाही कोणीतरी सुचवेलच. तो एक ब्लॉक पाठवतो, उत्तराची वाट बघतो, मग दुसरा. ५ मिलिसेकंदाला १०,२४० बाइट म्हणजे सेकंदाला २ एमबी. ब्लॉक ५१२ केबी केला की गणित १०० एमबीपर्यंत जातं, पण लाइन २५ वर अडते. आणि शू-शायनिंग होतं तसंच राहतं.

उपाय: तुर्भ्याच्या मशीनमध्ये डिस्क. ८ टीबीच्या चार, रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी जोडणी) २४ टीबी मिळतात, सलग वाचनाला ३०० एमबी/सेकंद आरामात निघतात. रेड-१० (डेटाची दुसऱ्या डिस्कवर प्रत) केलं तर १६ टीबी, तेही ९ टीबीला आणि काही आठवड्यांच्या बदलांना पुरतं, पण वाचनवेग डिस्कच्या आतल्या भागात ३०० च्या खाली येईल. चालेल, १०० च्या वर आहे ना. सर्व्हरचा डेटा रात्री डिस्कवर उतरवा, दिवसा डिस्कवरून टेपवर. दोन्ही एकाच वेळी चालू देऊ नका. डिस्कचं हेड दोन्हीकडे धावायला लागलं की टेप पुन्हा उपाशी.

रोजचे ६० जीबी २२ एमबी/सेकंदाने पाऊण तासात येतात. पण पहिले ९ टीबी याच लाइनने आणायचे तर ११३ तास, म्हणजे पावणेपाच दिवस, तेही लाइन एकदाही न तुटता. त्यापेक्षा त्या डिस्क आधी भोसरीला न्या, गिगाबिटवर ११० एमबी/सेकंदाने २३ तासांत कॉपी होते. शनिवारी लावा, रविवारी गाडीत घालून तुर्भ्याला आणा. पुढे फक्त बदल पाठवायचे. आरसिंकला (फक्त बदललेलं पाठवणारं साधन) 'पार्शल' पर्याय दिला की लाइन तुटली तरी अर्धी आलेली फाइल टिकते, आणि झालेल्या फाइल पुन्हा येत नाहीत. तुमची तिसरी अडचण इथेच मिटते.

फाइल सर्व्हरचे ९ एमबी/सेकंद हे लाइनमुळे नाहीत, मेल त्याच लाइनवर २२ ने येतोय. लाखो बारक्या फाइल उघडायच्या आणि बंद करायच्या, त्यात डिस्कचा वेळ जातो. टारमध्ये जीझिप (कॉम्प्रेशन) लावलं असेल तर तेही बघा, ते एकाच कोअरवर चालतं. त्याऐवजी झेडस्टँडर्डला 'टी०' दिलं की सगळे कोअर वापरतं. डिस्कवर उतरवण्याचा मोठा फायदा असा की तीन-चार सर्व्हर एकाच वेळी पाठवू शकतात. फाइल सर्व्हर ९ ने रांगत असताना उरलेली लाइन मेल आणि ईआरपी भरून काढतात. टेपवर थेट लिहिताना एका वेळी एकच.

डिस्क येईपर्यंतची तात्पुरती सोय: तुर्भ्याकडे डीडीच्या जागी एमबफर (डेटा आधी रॅममध्ये साठवणारा प्रोग्राम). लहान एम १२जी, लहान एस ५१२के, कॅपिटल पी ८०, आउटपुट एनएसटी०. ८० टक्के भरेपर्यंत टेप हलत नाही. २२ एमबी/सेकंदाने ते भरायला ७-८ मिनिटं लागतात, मग ड्राइव्ह ३५-४० सेकंद सलग लिहितो आणि पुन्हा शांत बसतो. सेकंदासेकंदाला थांबण्यापेक्षा कितीतरी बरं, पण कायमचा उपाय नाही.

---

सह्यकडा

वरच्या दोन्हींशी सहमत. फक्त आठ सर्व्हर, त्यात दोन विंडोज, म्हटल्यावर हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट सोडून द्या. बेरिऑस किंवा बॅक्युला (तयार बॅकअप सॉफ्टवेअर) लावा. कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे याची नोंद ठेवणं हे स्क्रिप्टचं काम नव्हे. अमांडाही चालतं, त्यात होल्डिंग डिस्क (टेपआधी डेटा डिस्कवर साठवणं) ही कल्पना मुळापासूनच आहे, पण विंडोज असताना मी बेरिऑसकडे झुकेन.

डायरेक्टर (जॉब चालवणारा), कॅटलॉग (फाइलींची नोंदवही) आणि स्टोरेज डीमन (डिस्क-टेपवर लिहिणारा), तिन्ही तुर्भ्यात ठेवा. भोसरीची सर्व्हर रूमच गेली तर कॅटलॉगही तिच्याबरोबर जायला नको.

लोक जिथे हमखास अडकतात त्या जागा:

पोर्ट. डायरेक्टर ९१०१, फाइल डीमन (प्रत्येक सर्व्हरवरचा क्लायंट) ९१०२, स्टोरेज ९१०३. डायरेक्टर क्लायंटला ९१०२ वर बोलावतो, पण डेटा पाठवायला क्लायंट स्वतः स्टोरेजच्या ९१०३ कडे जातो. फायरवॉलमध्ये फक्त ९१०२ उघडलं की जॉब सुरू झाल्यासारखा दिसतो आणि क्लायंट स्टोरेजला जोडला जाण्याची वाट बघत लटकतो. दुसरं असंच: डायरेक्टरच्या स्टोरेज रिसोर्समध्ये पत्ता 'लोकलहोस्ट' ठेवलेला. तोच पत्ता क्लायंटला पाठवला जातो, मग भोसरीचा सर्व्हर स्वतःमध्येच स्टोरेज शोधत बसतो. तिथे भोसरीहून दिसेल असं नाव किंवा आयपी हवा.

हार्टबीट इंटर्व्हल (कनेक्शन जिवंत ठेवणारा इशारा) ६० सेकंद ठेवा. मोठी डिरेक्टरी चाळताना बराच वेळ एक बाइटही जात नाही आणि मधला फायरवॉल कनेक्शन बंद करतो.

ब्लॉकचं माप. बॅक्युलात मूळ माप ६४,५१२ बाइट आहे, एलटीओ-८ साठी लहान. १ एमबी करा, पण पहिल्या टेपला लेबल लावण्याआधी करा. नंतर बदललं तर जुन्या टेप वाचताना अडचण येऊ शकते. त्यानंतर 'बीटेप' (ड्राइव्ह तपासायचं साधन) उघडून 'टेस्ट' चालवा. ते पास झाल्याशिवाय एकही खरा जॉब लावू नका.

मॅक्झिमम फाइल साइझ बॅक्युलात मुळात १ जीबी असते. दर १ जीबीला फाइलमार्क लिहिला जातो आणि ड्राइव्हचा वेग तुटतो. २० जीबी करा.

रचना अशी: रोजचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइली) डिस्कच्या पूलमध्ये (साठवणीचा गट). आठवड्यातून एकदा व्हर्च्युअल फुल, तो डिस्कवरच्या आधीच्या फुल आणि इन्क्रिमेंटलमधून तुर्भ्यातच तयार होतो, लाइनवरून एक बाइटही येत नाही. मग कॉपी जॉबने तो टेपच्या पूलमध्ये. ९ टीबी ३०० एमबी/सेकंदाने सव्वाआठ तास, एका १२ टीबीच्या टेपवर मावतात. खोक्यावरची ३० टीबी ही संख्या विसरा, ती अडीच पट कॉम्प्रेशन धरून आहे आणि तुमचे पीडीएफ आधीच दाबलेले आहेत.

डेटाबेसच्या चालू फाइल कधीही तशाच उचलू नका. पोस्टग्रेसला पीजी-डंप, किंवा बेस बॅकअप आणि वॉल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद). विंडोजवर बेरिऑसचा क्लायंट व्हीएसएस (विंडोजची स्नॅपशॉट घ्यायची सोय) वापरतो, उघड्या फाइलही त्यात येतात. तरी टॅलीची वेळ सगळे बाहेर पडल्यानंतरची ठेवा.

शेवटचा जॉब नेहमी कॅटलॉगचा. त्याची बूटस्ट्रॅप फाइल (तो कोणत्या टेपवर कुठे आहे ते सांगणारी) बाहेरच्या मेलवर जाऊ द्या. कॅटलॉग नसताना 'बीस्कॅन'ने टेप वाचून तो पुन्हा उभा करता येतो, पण १२ टीबीची टेप पूर्ण वाचायला अकरा तास लागतात, आणि तेव्हा तुमच्या मागे सगळी कंपनी उभी असते.

---

कोकण_डेटा

टेपच्या सांभाळाबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि तुर्भे म्हणजे पावसाळ्यात ८० टक्क्यांच्या वर दमटपणा.

दीर्घकाळ ठेवायच्या एलटीओ टेपला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. एसी रात्री बंद होणाऱ्या खोलीत टेप ठेवू नका. त्याहून वाईट म्हणजे थंड खोलीतली टेप जुलैत बाहेर काढून लगेच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालणं. तिच्यावर दव धरतं. प्लॅस्टिकच्या डबीत बंद ठेवून न्या आणि ड्राइव्हच्या खोलीत २४ तास राहू द्या. टेप हातातून पडली तर ड्राइव्हमध्ये घालण्याआधी झाकण उघडून लीडर पिन (ड्राइव्ह जिला धरून फीत ओढतो ती) जागेवर आहे का ते बघा. सरकलेली पिन ड्राइव्हमध्ये अडकली की ड्राइव्ह दुरुस्तीला जातो.

एन्क्रिप्शन: एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एईएस-२५६ आहे, वेग कमी होत नाही, आणि ड्राइव्ह आधी दाबून मग कुलूप लावतो. लिनक्सवर 'स्टेंक' नावाच्या साधनाने किल्ली देता येते. सॉफ्टवेअरने आधी एन्क्रिप्ट केलं तर ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनला काही उरत नाही. किल्ली छापून दोन ठिकाणी, भोसरीत आणि तुर्भ्यात. किल्ली फक्त बॅकअप घेतलेल्या सर्व्हरवरच असेल, तर तो सर्व्हर गेल्यावर टेप कोरीच समजा.

ईआरपी आणि टॅली आहे म्हणून सांगतो. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असावा लागतो. म्हणजे नुसत्या साप्ताहिक टेपवर भागत नाही. तुर्भ्याची डिस्क रोजचा भाग सांभाळते, टेप ८ वर्षांचा. नेमकी पूर्तता तुमच्या सीएंना विचारून घ्या.

८ वर्षं म्हटलं की ड्राइव्हचाही विचार करा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचत. एलटीओ-८ आणि ९ फक्त एक पिढी मागचं वाचतात. २०२५ चा एलटीओ-१० तर मागची कोणतीच टेप वाचत नाही. तेव्हा तुमचा एलटीओ-८ बिघडला तर बदली एलटीओ-८ किंवा ९ लागेल. आर्थिक वर्षाच्या टेप ठेवता तसा हा मुद्दाही खरेदी विभागाच्या फाइलीत ठेवा.

---

भोसरी_आयटी

सगळ्यांचे मनापासून आभार. डीडी 'बीएस=१एम' आणि टारला कॅपिटल बी, याने जुन्या टेपमधली मेलची यादी पूर्ण निघाली, एक्स्ट्रॅक्ट चालू आहे. एसटी० कुठेही नव्हतं. डिस्कची मागणी आज टाकली.

दोन प्रश्न राहिले. ड्राइव्हवर क्लीनिंगचा दिवा लागलाय, ते शू-शायनिंगमुळे असेल का? आणि रिस्टोअरची चाचणी किती वेळाने आणि कशी करायची?

---

रीळ_रिवाइंड

दिवा नक्की काय म्हणतोय ते 'टेपइन्फो'ने बघा, एमटीएक्स पॅकेजमध्ये येतं. टेप-अलर्ट (ड्राइव्हचा इशारा क्रमांक) २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे लवकरच करा. ३ असेल तर भरून न निघणारी वाचन-लेखनाची चूक, ४ असेल तर दोष टेपमध्ये. ४ एकाच टेपला वारंवार आला तर ती टेप बाद करा, ड्राइव्हला दोष देऊ नका. सतत मागेपुढे केल्याने हेडवर कण जास्त साठतात, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असू शकतो.

युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज घ्या, साधारण ५० वेळा वापरता येते. प्रत्येक वापराची खूण तिच्या लेबलावर करा. संपलेली कार्ट्रिज ड्राइव्ह नुसती बाहेर टाकतो आणि लोकांना वाटतं साफ झालं. दर आठवड्याला उगाच साफ करू नका, तिची फीत खरखरीत असते. ड्राइव्ह मागेल तेव्हाच. साफ केल्यावर दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला तर ड्राइव्हच तपासायला द्या.

चाचणी महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळा सर्व्हर. मूळ जागी कधीच नाही, वेगळ्या मशीनवर. बॅकअप घेताना फाइलींची एसएचए-२५६ यादी (फाइल बदलली का ते सांगणारे ठसे) करून ती त्याच संचात ठेवा आणि रिस्टोअर झाल्यावर तिच्याशी ताडून बघा. पोस्टग्रेसचा डंप फाइल म्हणून परत आला एवढ्यावर थांबू नका, रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून ईआरपी त्यावर उघडतं का ते बघा. आणि वर्षातून एकदा टेप दुसऱ्याच ड्राइव्हमध्ये वाचून घ्या, भाड्याने मिळाला तरी चालेल. हेडची रेषा हळूहळू सरकलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं नीट वाचतो, दुसऱ्या ड्राइव्हला मात्र तीच टेप वाचता येत नाही.

---

पाच_मिलिसेकंद

चाचणीत वेळही मोजा. एक फाइल शोधायला टेप सलग पुढे न्यावी लागते. एलटीओ-८ ची फीत ९६० मीटर आहे, त्यामुळे नुसतं जागेवर पोचायलाच एक-दोन मिनिटं जाऊ शकतात. पूर्ण फाइल सर्व्हर परत आणायचा तर लाइनवरून भोसरीला पाठवू नका, तेच ११३ तासांचं गणित उलटं लागेल. तुर्भ्यात डिस्कवर उतरवून डिस्क पाठवा. त्यासाठी ८ टीबीची एक जादा डिस्क याच मागणीत घाला.